एल्विन रेशीम आणि गुलाबी बॉल

पेनहेलिग गावच्या खाणकामगारांच्या वेल्फेअर हॉलमध्ये स्नूकर खेळताना फाउल झाला तर ‘फाउल’ असं कुणी म्हणत नसे. ज्याच्याकडून झाला तो ‘माझा’ म्हणायचा, हातातली काठी, म्हणजे क्यू, भिंतीला टेकवायचा आणि बाकावर जाऊन बसायचा. पंच नव्हता आणि कधी लागलाही नाही. दिवसभर खाणीत एकमेकांच्या भरवशावर डोक्यावरचा डोंगर सांभाळून आलेली माणसं ती. बॉलला कुणाची बाही लागली का, हे बघायला तिसरा माणूस उभा करायचा, ही कल्पनाच त्यांना हसू आणणारी होती.

‘माझा’ हा शब्द एल्विन प्रॉबर्ट तिथेच शिकला. टेबलाच्या कडेपर्यंत जेमतेम हनुवटी पोचायची तेव्हापासून बाप त्याला शनिवारी सोबत न्यायचा. बापाचं नाव ग्लिन. हातांच्या कातडीत कोळशाचे निळे ओरखडे कायमचे बसलेले, बोलणं कमी. एकदा एल्विनने त्याला विचारलं, "बाबा, लागला की नाही तेच कळलं नाही तर?"

ग्लिन क्यूच्या टोकाला निळा खडू घासत होता. "कळलं नाही म्हणजे?"

"म्हणजे लागला असेल असं वाटतंय, पण नक्की माहीत नाही. तेव्हा काय म्हणायचं?"

"नक्की माहीत नसेल तर तुझाच," ग्लिन म्हणाला आणि वाकून खेळायला लागला.

शेजारच्या टेबलावर इद्वलकाका होते. ग्लिनचे खाणीतले जोडीदार, आणि बोलण्याच्या बाबतीत दोघांच्याही वाटणीचं बोलणारे. ते म्हणाले, "पोराला वकील करायचा विचार दिसतोय, ग्लिन."

"नको. वकील झाला तर जन्मात ‘माझा’ म्हणायचा नाही."

सगळा हॉल हसला. एल्विनला विनोद कळला नाही, पण उत्तर डोक्यात बसलं.

त्यांच्या गल्लीत एल्विन प्रॉबर्ट नावाचे दोघे होते. दुसरा घरोघर कोळसा टाकायचा, म्हणून तो एल्विन कोळसा. याला रेशीम हे नाव इद्वलकाकांनी दिलं. तेव्हा तो शाळेत होता आणि हॉलमधल्या सगळ्या बाप्यांना हरवून बसला होता. त्याचा क्यू पांढऱ्या बॉलला लागायचा तेव्हा ठक्क असा आवाज यायचाच नाही. नुसती हालचाल दिसायची आणि बॉल पॉकेटात गेलेला असायचा. "रेशमी साडी नेसलेली बाई जिना उतरून गेल्यासारखं खेळतं हे कार्टं," असं काहीसं काका म्हणाले होते. साडी नव्हे, गाउन म्हणाले असतील. नाव मात्र चिकटलं. खाण बंद पडली, दुकानं बंद पडली, कोळसा टाकणारा एल्विन दुसऱ्या गावी निघून गेला, तरी हा रेशीमच राहिला.

व्यावसायिक खेळाडू झाल्यावरच्या पहिल्याच सामन्यात त्याच्या जाकिटाचं टोक काळ्या बॉलला लागलं. "माझा," तो म्हणाला आणि खुर्चीत जाऊन बसला. पंचाला काही कळेना. "तुमचा काय?" त्याने विचारलं. प्रेक्षक हसले. एल्विनचे कान लाल झाले. पण पुढे त्याचं नाव झालं तसं लोकांना ते आवडायला लागलं. टीव्हीवरचे समालोचक कौतुकाने सांगायचे, हा रेशीम, याच्या खोऱ्यात असंच म्हणतात.

नाव लवकरच झालं. पंचविशीच्या आत तो एका मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात होता. पेनहेलिगमध्ये त्या संध्याकाळी चॅपलची प्रार्थना अर्धा तास आधी उरकली आणि अख्खं गाव वेल्फेअर हॉलमधल्या टीव्हीसमोर बसलं. एल्विन खूप पुढे होता. मग एक सोपा लाल बॉल चुकला. खरोखर सोपा, मेन्नाने, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीने, डोळे मिटून घातला असता असा. तिथून तो जो घसरला तो घसरतच गेला. चषक दुसऱ्याने उचलला. तो परत आल्यावर बापाने एवढंच विचारलं, "जेवलास का?"

त्यानंतरची वर्षं लोकांना वर्तमानपत्रातून जास्त माहीत आहेत. पिणं सुरू झालं. सुरुवातीला सामना संपल्यावर, मग सामन्याआधी. एका हॉटेलच्या कठड्यावर आपटून त्याने क्यूचे दोन तुकडे केले. तो क्यू खाणीतल्या लोकांनी वर्गणी काढून दिलेला होता. एकदा उपांत्य सामन्याच्या दुपारी तो खोलीत झोपून राहिला आणि दार वाजवणाऱ्याला म्हणाला, "एल्विन इथे राहत नाही." क्रमवारीतून घसरत तो व्यावसायिक यादीबाहेर गेला. पुन्हा पात्रता फेऱ्या खेळून आत आला. पुन्हा बाहेर. पुन्हा आत. कुणी म्हणे, एवढं कसब देवाने चुकीच्या पत्त्यावर टाकलं. एल्विनला ते पटायचं.

नेरिसने त्याला सावरलं. ती गावातच केस कापण्याचं दुकान चालवायची. बोलायला फटकळ, हाताला हलकी. पहिल्याच भेटीत त्याच्या मानेवरचे केस कापताना म्हणाली, "पिऊन आलास तर कान कापीन. चुकून कापला असं सांगीन, आणि गाव माझ्यावर विश्वास ठेवेल." दारू सुटली. लग्न झालं. जर्मनीतल्या एका गावात झालेली स्पर्धा त्याने जिंकली, आयुष्यातली एकुलती एक. विमानतळावर नेरिस, मेन्ना, मेन्नाचा नवरा ह्यू आणि इद्वलकाका असे सगळे आले होते. ग्लिन आला नव्हता. त्याच्या छातीत तेव्हाच खाणीची धूळ बोलायला लागली होती.

ग्लिन गेला तो एल्विन सामना खेळत असताना. मध्यंतरात फोन आला. मेन्ना म्हणाली, "बाबा गेले रे." एल्विन म्हणाला, "बरं." मग परत जाऊन त्याने खेळ सुरू केला आणि पुढच्याच फ्रेममध्ये, म्हणजे डावात, शंभरी मारली. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, कारण बातमी तोवर पसरली होती. खिशात किल्ली चाचपावी तसं त्याने स्वतःच्या आत चाचपून पाहिलं. हाताला काही लागलं नाही.

चॅपलमध्ये अंत्यविधीला सगळ्यांबरोबर तोही गायला. सुरात गायला. मेन्ना शेजारणीला म्हणाली, "धीराचा आहे आमचा एल्विन." नेरिसने नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

धीर वगैरे काही नव्हतं. आत कुणीतरी दिवे मालवून, दाराला कडी घालून निघून गेलं होतं. जिंकलं तरी तेच, हरलं तरी तेच. वेळेवर उठायचा, सराव करायचा, समोर आलेलं खायचा. दारूकडेही वळला नाही. तेवढीही इच्छा होत नव्हती. घरात काही बिनसलं की नेरिस भांडायला उभी राहायची आणि तिच्यासमोर हा स्टेशनवर गाडीची वाट बघणाऱ्या माणसासारखा बसून असायचा.

"टेबलावर कसं पटकन म्हणतोस," ती एकदा म्हणाली. "घरी एकदा म्हण की. कशालाही म्हण. दूध बाहेर राहून नासलं, म्हण ‘माझा’. नळ उघडा राहिला, म्हण ‘माझा’. काहीतरी तुझं असू दे या घरात."

एल्विन म्हणाला, "नळ मी बंद केला होता."

ती गेली तेव्हा आदळआपट झाली नाही. दोन बॅगा भरल्या, कात्र्यांची पेटी घेतली. दारात म्हणाली, "तुझ्याशी भांडायला या घरात कुणी सापडतच नाही, एल्विन." तो तिची बॅग गाडीपर्यंत घेऊन गेला. जड होती.

बोटांचं त्यानंतर सुरू झालं. डावा हात टेबलावर टेकवून त्याच्यावरून क्यू सरकवायचा, तर त्या हाताच्या बोटांना आधी मुंग्या यायच्या, मग मुंग्याही येईनाशा झाल्या. डॉक्टर म्हणाले, मानेतली शीर दबली आहे. इतकी वर्षं वाकून वाकून होतं असं. शस्त्रक्रिया करता येईल, पण खात्री देता येणार नाही. एल्विनने मान हलवली. टेबलाचं कापड त्याला आता बोटांनी कळत नव्हतं. हात टेकला आहे हे तो डोळ्यांनी बघून ठरवायचा. खेळ तरीही बरा चालला होता. रेशीम सगळं विरलेलं नव्हतं. पण क्रमवारीत तो पुन्हा कडेला आला होता. त्या वर्षीच्या शेवटच्या पात्रता सामन्यात जिंकला तर व्यावसायिक यादीत राहणार होता. हरला तर नाव निघणार, आणि या वयात पुन्हा सगळ्या फेऱ्या खेळून आत यायची ताकद राहिलेली नव्हती. दुसरं कुठलं काम त्याला येत नव्हतं. येत नव्हतं म्हणजे, कधी करूनच पाहिलं नव्हतं.

निघायच्या सकाळी मेन्नाच्या स्वयंपाकघरात तो हात पुढे करून उभा होता. मेन्ना त्याच्या बाहीच्या गुंड्या लावत होती. त्या त्याच्या त्याला लागत नव्हत्या.

"जिंकायचंय," ती म्हणाली.

"हो."

"असं ‘हो’ म्हणतात का? दूधवाल्याला म्हणतोयस का? जिंकायचंय!"

"जिंकायचंय," एल्विन म्हणाला.

"देवा रे," मेन्ना म्हणाली. "ह्यू, याला गाडीत घाल. आणि वाटेत मीट-पाय खायला घाल, डब्यात ठेवलाय. आत कॉर्न्ड बीफ भरलंय. यालाच दे, सगळा तू खाऊ नकोस."

"मी कशाला खाऊ?" ह्यू म्हणाला. त्याच्या मिशीला आधीच चुरा लागलेला होता.

समोर खेळायला लॉकलन बेअर्ड होता. स्कॉटलंडचा, एल्विनच्याच वयाचा, दोघांनी व्यावसायिक खेळायला सुरुवात एकाच वर्षी केलेली. जाडा, तांबूस चेहऱ्याचा, सतत काहीतरी चघळणारा. त्याची जागा पक्की होती; हरला असता तरी त्याचं काही बिघडणार नव्हतं. सामन्याच्या ठिकाणी मागच्या खोलीत तो एल्विनच्या शेजारी येऊन बसला.

"काय रे रेशीम, जिवंत आहेस अजून?"

"असं म्हणतात."

"कोण म्हणतं? मला तर कुणी कळवलं नाही." बेअर्डने एक गोळी तोंडात टाकली, एक त्याला दिली. "हे बघ, मी आज मुद्दाम वाईट खेळणार नाही. मला येतं तेवढंच वाईट खेळीन."

"तेवढं पुरे होईल."

बेअर्ड मोठ्याने हसला. एल्विनला वाटलं, आपणही हसायला हवं होतं.

पात्रता सामन्यांना प्रेक्षक फारसे नसतात. एका मोठ्या क्रीडागृहात पडदे लावून रांगेने टेबलं मांडलेली, पलीकडच्या टेबलांवरचे आवाज इकडे ऐकू येत असतात. त्यांच्या टेबलावर एक कॅमेरा होता, इंटरनेटवर दाखवण्यासाठी. सामना बरोबरीत पुढे सरकत राहिला. कधी हा एक फ्रेम, कधी तो. एल्विन खुर्चीत बसला की समोरच्या पडद्यावरची शिवण बघत बसायचा. शेवटी सगळं अखेरच्या फ्रेमवर आलं.

त्या फ्रेममध्ये तो चांगला खेळला. पलीकडच्या टेबलावरचा पंचही मान वळवून बघून गेला. लाल संपले, पिवळा गेला, हिरवा गेला. आता तपकिरी बॉल पॉकेटात गेला की झालं. नंतर उरलेले तिन्ही बॉल घातले तरी बेअर्डला त्याला गाठता येणार नव्हतं. तपकिरी पॉकेटाच्या तोंडाशीच होता. अडचण एकच. पांढऱ्या बॉलच्या मागे गुलाबी येऊन बसला होता, अगदी जवळ. गुलाबीच्या मागे हात ठेवून, बोटांच्या टोकांवर हात उंच उभा करून, वरून क्यू खाली आणायला हवा होता. अशी बोटं त्याने आयुष्यभर उभी केली होती. ग्लिन म्हणायचा, खुर्चीचे पाय असतात तशी उभी कर.

त्याने बोटं उभी केली. टेकल्याचं कळलं नाही, दिसलं. मधलं बोट गुलाबीच्या फार जवळ होतं. मग त्याला नजर बोटांवरून काढून तपकिरीवर न्यावी लागली, कारण बघायचं तिकडे असतं. तो खेळला. तपकिरी गेला.

हात उचलताना त्याने खाली पाहिलं. गुलाबीवर वरच्या दिव्याचा एक पांढरा ठिपका होता. तो थरथरल्यासारखा वाटला. किंवा डोळे थरथरले असतील. किंवा काहीच थरथरलं नसेल.

पंचबाईंनी गुण सांगितले. पांढऱ्या हातमोज्यांनी त्या पुढे आल्या. बेअर्ड हात मिळवायला खुर्चीतून अर्धा उठलाही होता.

एल्विन उभा राहिला. बोटांना विचारून काही उपयोग नव्हता. ती बोलत नव्हती.

"माझा," तो म्हणाला.

"काय म्हणालात?"

"बोट लागलं. गुलाबीला."

पंचबाई थबकल्या. "मी बघत होते. मला नाही दिसलं."

"मलाही नाही दिसलं," बेअर्ड म्हणाला. "रेशीम, काय बोलतोयस? तपकिरी गेलाय. सामना संपलाय."

"तुम्हाला जाणवलं का, लागल्याचं?" पंचबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"न लागल्याचंही जाणवलं नाही," एल्विन म्हणाला.

पलीकडच्या टेबलावर कुणीतरी टाळ्या वाजवल्या; त्या दुसऱ्याच कुणासाठी होत्या. खेळाडूनेच सांगितल्यावर पंचबाईंना दुसरं काही करता येत नव्हतं. "फाउल," त्या म्हणाल्या. गुलाबीचे सहा गुण बेअर्डला गेले, तपकिरी पुन्हा टेबलावर आला. एल्विन क्यू घेऊन खुर्चीत जाऊन बसला आणि पडद्याची शिवण बघायला लागला.

बेअर्ड कितीतरी वेळ टेबलापाशी नुसता उभा राहिला. त्याचा चेहरा आणखी तांबडा झाला होता. मुद्दाम चुकवणं हे त्यांच्या धंद्यात चोरीइतकंच वाईट, आणि अशा वेळी तर ते एल्विनच्या तोंडावर मारल्यासारखं झालं असतं. त्याने तपकिरी घातला. निळा घातला. गुलाबी घालताना तो स्वतःशीच काहीतरी पुटपुटला. काळाही गेला, आणि त्याबरोबर सामनाही.

हात मिळवताना तो म्हणाला, "शिवी देऊ का मिठी मारू, तेच कळेना मला."

"पेटी लावून दे," एल्विन म्हणाला. "तो खटका मला लागत नाही."

बेअर्डने गुडघ्यावर बसून क्यूची पेटी बंद केली. दोन्ही खटके लावले.

परत येताना ह्यू गाडी चालवत होता. पाऊस होता, काच पुसणारे दांडे डावी-उजवीकडे फिरत होते. मग मेन्नाचा फोन आला. ह्यूने तो गाडीच्या स्पीकरवर टाकला आणि लगेच पस्तावला.

"गाढवा!" गाडी भरून आवाज आला. "अरे गाढवा! आम्ही सगळे बघत होतो! शेजारणीने तिच्या कॉम्प्युटरवर चार-चारदा मागे नेऊन बघितलं! तो गुलाबी हललाच नाही! तसूभर हलला नाही!"

"हलला नाही म्हणजे लागला नाही असं नसतं," एल्विन म्हणाला.

"मग लागला होता?"

"माहीत नाही."

मग मेन्ना वेगळ्याच आवाजात म्हणाली, "मीट-पाय खाल्लास का?"

ह्यू घाईघाईने म्हणाला, "खाल्ला, खाल्ला."

एल्विनने डबा उघडूनही पाहिला नव्हता. त्यात काय उरलं असेल याचा त्याला अंदाज होता.

तो वाट बघत होता. आता काहीतरी येईल असं त्याला वाटत होतं. रडू, राग, निदान पोटात गोळा. सगळं आयुष्य ज्यासाठी घालवलं ते दुपारी एका शब्दात गेलं होतं. उशिराने का होईना, ते कळायला हवं होतं. डोंगर दिसायला लागले, खोरं सुरू झालं, गावाचे दिवे आले. काही आलं नाही.

दोन दिवसांनी नेरिसचा फोन आला. बऱ्याच वर्षांनी.

"बघितलं मी," ती म्हणाली. "दुकानात सगळ्यांनी बघितलं. एका बाईच्या डोक्याला रंग लावून ठेवला होता, तो राहूनच गेला. नारिंगी झाली बिचारी."

"अरेरे."

"कसं वाटतंय?"

"काही नाही वाटत."

"हं." तिच्या मागे केस वाळवायचं यंत्र चालू झालं आणि बंद झालं. "घरी कधी म्हणाला नाहीस."

"नाही."

"बरं," ती म्हणाली. रागाने नाही. "वेळेवर जेवत जा."

एल्विनने फोन ठेवला. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. त्याने जाऊन तो घट्ट केला.

यादीतून नाव निघाल्याचं खेळाच्या मंडळाचं रीतसर पत्र आलं. त्याने ते वाचून मेन्नाला दिलं, तिने ते ड्रॉवरमध्ये टाकलं. त्यानंतरच्या आठवड्यात तो वेल्फेअर हॉलवर गेला. जायला दुसरी जागा नव्हती. एके काळची बहुतेक टेबलं विकली गेली होती, दोन राहिली होती. बाकीच्या जागेत लाकडी पार्टिशन घालून बायकांचा व्यायामाचा वर्ग चालायचा. पलीकडून सारखं संगीत यायचं आणि एक बाई ओरडायची, "गुडघे वर! अजून वर!"

इद्वलकाका एकटेच बाकावर बसले होते. ऐंशीच्या पुढे गेलेले, कानात यंत्र, गुडघे कामातून गेलेले, जीभ होती तशी.

"आलास? ये. गावात दोन पक्ष पडलेत तुझ्यामुळे. अर्धे म्हणतात तू संत आहेस, अर्धे म्हणतात तू वेडा आहेस."

"तुम्ही कुठल्या पक्षात, काका?"

"मी चहा पितो आणि दोघांनाही चिथावतो." त्यांनी काठी टेकून स्वतःला उठवलं. "मांड. तसेच्या तसे बॉल मांड मला. कॅमेऱ्याचं मी मानत नाही. माझ्या डोळ्यांनी बघायचंय."

एल्विनने बॉल मांडले. पांढरा, मागे गुलाबी, पॉकेटाशी तपकिरी. मांडताना ते बरोबर जागेवर बसले. त्याला विचारही करावा लागला नाही. काकांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, गाल टेबलाच्या लाकडाला टेकवला आणि गुलाबीकडे बघत राहिले.

"हात ठेव. हं. लागतोय... नाही लागत... अरे, हलू नकोस, मेल्या."

"मी हललो नाही. तुमची मान हलतेय."

"मान माझी आयुष्यभर हलतेय. थांब." ते उठले. डोळ्यांत काहीतरी चमकलं. खिशातून त्यांनी निळा खडू काढला आणि गुलाबी बॉल उचलून त्याला चोळायला लागले. चोळून चोळून त्याची एक बाजू जांभळी करून टाकली. "आता कळेल. लागलं तर बोट निळं होईल. नाही लागलं तर नाही."

"काका, बॉलला खडू? समितीने बघितलं तर हाकलतील तुम्हाला."

"समितीचा अध्यक्ष मीच आहे."

"मग?"

"मग मीच हाकलीन मला. ठेव हात. तेव्हा ठेवला होतास तसाच. चोरी करायची नाही."

एल्विनने क्यूच्या टोकाला खडू लावला, वाकला, बोटं उभी केली. मधलं बोट गुलाबीजवळ आलं. पलीकडून बाई ओरडली, "श्वास आत!" त्याने नजर तपकिरीकडे नेली. खेळला. आवाज न होता तपकिरी गेला.

"बघू! इकडे आण!" काकांनी त्याचा डावा हात पकडून दिव्याखाली धरला. मधल्या बोटाचं टोक निळं होतं. काका आनंदाने ओरडलेच. "लागला! हा बघ, निळा! लागला होता की रे! खरं बोललास! आता जातो आणि त्या मेन्नाच्या शेजारणीला—"

एल्विनने बाकीची बोटं पसरली. अंगठा निळा होता. करंगळी निळी होती. उजव्या हाताचीही सगळी बोटं निळी होती. क्यूला खडू लावून लावून ती लहानपणापासून तशीच होती. डाग साबणाने जात नसत, नेरिसने एकदा ती केस धुवायच्या पाण्यातही बुडवून पाहिली होती.

काकांनी एका बोटाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. त्यांचा चेहरा हळूहळू पडला. त्यांनी एक लांबलचक शिवी घातली, खाणीतली, जुनी.

"म्हणजे काहीच कळलं नाही."

"नाही."

"तुझ्या बापाचीही अशीच होती," काका म्हणाले. "कोळशाने. आम्हा सगळ्यांचीच. मेला तेव्हा दवाखान्यातली पोरगी पुसत बसली होती, मळ समजून." ते थांबले. "ग्लिन असता ना, तर आधी शिव्या घातल्या असत्या तुला. मग घरी जाऊन तुझ्या आईला चार वेळा सांगितलं असतं."

एल्विनच्या घशात काहीतरी आडवं आल्यासारखं झालं. त्याने गिळून पाहिलं. ते गेलं नाही. फार मोठं नव्हतं, पण होतं.

"मग आता काय म्हणायचं?" काकांनी विचारलं. "लागला की नाही?"

"माझाच," एल्विन म्हणाला.

पार्टिशनपलीकडचं संगीत बंद झालं. बायका हसत, एकमेकींना हाका मारत बाहेर पडत होत्या. इद्वलकाकांनी अजून त्याची बोटं धरून ठेवली होती, चांगली घट्ट, नखं पांढरी पडेपर्यंत. एल्विनला ते नुसतं दिसत होतं. त्याने हात मागे घेतला नाही.